निजाम सरकारचं आणि माझं एकमत

बरीच वर्षं माझं आणि निजाम सरकारचं एका मुद्द्यावर एकमत होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषणं देण्यात निम्मी हयात गेली होती. मुद्दा असा: घरचा प्रश्न घरात मिटवावा, बाहेरच्यानं त्यात तोंड घालू नये, आणि आपल्यातल्या कुणी तो उचलून बाहेर नेऊ नये.

मी हिंगोलीत इतिहास शिकवला. दर सतरा सप्टेंबरला कुठल्या ना कुठल्या शाळेत, ग्रामपंचायतीत झेंडावंदन झाल्यावर बोलायला उभा राहायचो. भाषण ठरलेलं असे. निजामाच्या बाजूचा कासीम रझवी आणि त्याचे सशस्त्र रझाकार, लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे, मग सरदार पटेल आणि पोलीस ॲक्शन, म्हणजे भारतीय फौजांची हैदराबादवरची कारवाई. पोरं उन्हात बसलेली असत, त्यामुळे फार लांबवायचं नाही एवढं भान मी ठेवायचो. आणि त्याच तोंडानं स्टाफरूममध्ये म्हणायचो, की ही मानवी हक्कवाली मंडळी देशाची अब्रू जगाच्या वेशीवर टांगतात.

२००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली. दलित मानवी हक्कांची राष्ट्रीय मोहीम त्याच्या तीन वर्षं आधी उभी राहिली होती. त्या मोहिमेतल्या कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं, की जात हाही जन्मावरून होणारा भेदभाव आहे, तेव्हा परिषदेनं त्याची दखल घ्यावी. भारत सरकारचं म्हणणं होतं, की जात म्हणजे वंश नव्हे. आमच्याकडे घटना आहे, कायदे आहेत, आमचं आम्ही बघून घेऊ. मी सरकारच्या बाजूनं तावातावानं भांडलो. ‘डर्बनला ठराव झाला म्हणून आमच्या गावचा पाणवठा खुला होणार आहे का?’ हे माझं तेव्हाचं आवडतं वाक्य. त्यावर चहा पिणाऱ्यांत माना डोलायच्या. आमचे एक सहकारी मात्र कप खाली ठेवून उठून जायचे. त्यांच्याकडे पुढे येतो.

माझ्या त्या मताला कारणंच नव्हती असं नाही. ज्यांनी दीडशे वर्षं आम्हाला लुटलं त्यांनी आम्हाला माणुसकी शिकवावी, हे कुणालाही झोंबेल. भोपाळमध्ये १९८४ साली एका कंपनीच्या कारखान्यातल्या विषारी वायूनं हजारो माणसं मेली, त्या कंपनीचा अमेरिकन प्रमुख पुन्हा कधी आमच्या कोर्टापुढे उभा राहिला नाही. २००३ मध्ये इराकवर बॉम्ब पडत होते तेव्हा हक्कांच्या गप्पा मारणारी सरकारं कुठे होती? हे प्रश्न मला आजही खरे वाटतात. फरक इतकाच झाला, की ते प्रश्न मी कुणाचं तोंड बंद करण्यासाठी वापरत होतो ते मला दिसलं.

ते कुणी समजावून सांगितल्यामुळे दिसलं नाही. मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष जवळ आलं, भाषणांची आमंत्रणं वाढली, आणि तेच तेच बोलून माझा मलाच कंटाळा आला. म्हणून १९३८–३९ चा काळ पुन्हा वाचायला घेतला. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ पूर्वी वाचलेलं होतं, पण शिकवायला म्हणून वाचणं वेगळं. या वेळी कुठलीही घाई नव्हती.

त्या काळी निजामाच्या हैदराबाद रियासतीत सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाचं नाव जुन्या माणसांच्या तोंडी असायचं ते यामुळेच. देऊळ बांधायचं, कधी नुसती डागडुजी करायची तरी ‘उमूर-ए-मजहबी’, म्हणजे धर्मखात्याकडे दरखास्त करायची आणि उत्तराची वाट बघायची. आर्यसमाजी लोकांना हवनकुंडासाठीही परवानगी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर ती जन्माला येण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, बंदी आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजी आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. डिसेंबरच्या शेवटी सोलापूरला, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात, आर्य परिषद भरली. अध्यक्ष होते वणीचे लोकनायक बापूजी अणे. तिथे ठरलं आणि १९३९ च्या सुरुवातीपासून देशभरातून सत्याग्रहींचे जथे रियासतीत घुसू लागले: पंजाबातून, संयुक्त प्रांतातून, राजस्थानातून. हजारोंनी अटक करून घेतली. ऑगस्टमध्ये, सरकारनं काही सुधारणा जाहीर केल्यावर, तो सत्याग्रह थांबला.

यावर निजाम सरकार काय म्हणत होतं? की आमच्या प्रजेची काही तक्रार नाही, हिंदू-मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदताहेत. ही चिथावणी बाहेरून आलेली आहे, पैसा बाहेरचा आहे, वर्तमानपत्रं बाहेरची आहेत, आणि रियासतीची बदनामी करणं हा त्यांचा हेतू आहे. मी ते वाचत होतो आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. शब्दसुद्धा तेच.

वर निजाम सरकारचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं होतं! सत्याग्रही खरोखरच मोठ्या संख्येनं बाहेरचे होते. पत्रकं पुण्यात, सोलापुरात, मुंबईत छापली जात होती. का? तर आत छापता येत नव्हती. आत सभा घेता येत नव्हती म्हणून सभा बाहेर होत होती. आपण दुसऱ्याच्या तोंडावर हात दाबून धरायचा आणि मग ‘हा बघा, शेजाऱ्याच्या तोंडून बोलतोय’ असं म्हणायचं, यातली मखलाशी मी मुलांना दर वर्षी शिकवत होतो, पण निजामापुरती. खुद्द स्वामी रामानंद तीर्थ कुठले? जन्म विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. ज्या माणसाला आम्ही मराठवाड्याचा म्हणतो तो रियासतीच्या हिशेबानं गैरमुल्की, म्हणजे बाहेरचा होता.

आमच्या हिंगोलीला तर हे सांगायला नको. आमच्या उत्तरेला पैनगंगा आहे. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड. रझाकारीच्या काळात माणसं नदी ओलांडून वऱ्हाडात जायची, तिथून बातमी नागपूर-मुंबईच्या पेपरांत जायची, सरहद्दीवरच्या कॅम्पांतून तरुण परत आत शिरायचे. आमचे आबा सांगायचे, पलीकडच्या तीरावर पोचलं की माणूस आधी मोठ्यानं बोलायचा. विषय कुठलाही असो, नुसतं मोठ्यानं. ही गोष्ट मी भाषणात रंगवून सांगायचो. नदी ओलांडून जाऊन आपल्या राज्यकर्त्याची तक्रार सांगणं हे देशभक्तीचं काम आणि समुद्र ओलांडून सांगणं हा देशद्रोह, असं मी मनाशी कधी ठरवलं होतं, ते मला आठवेना.

त्या आर्य सत्याग्रहाला मी डोक्यावर घेतो आहे असं कुणी समजू नये. त्यातल्या काही प्रचारकांची मुसलमानांविषयीची भाषा वाचवत नाही. त्यांना स्वातंत्र्य हवं होतं ते स्वतःच्या हवनाला. दुसऱ्याच्या अजानीला ते तितक्याच प्राणपणानं राखलं असतं का, याची मला खात्री नाही. दोन आंदोलनं एकाच वेळी चालल्यानं आपल्या लढ्याला जातीय रंग चढतोय म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं आपला सत्याग्रह दोन महिन्यांत मागे घेतला होता, तो काही उगाच नाही. पण देवळाची डागडुजी करायला सरकारची परवानगी का लागावी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि तो प्रश्न पंजाबातल्या माणसानं विचारला म्हणून कमी रास्त होत नव्हता.

आता पुढचं प्रकरण. हे मी वर्गात कधी शिकवलंच नव्हतं, कारण ते परीक्षेत येत नसे.

१९४६ मध्ये भारतानं, अजून स्वातंत्र्य मिळायचं होतं तेव्हा, संयुक्त राष्ट्रांत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तक्रार नेली. तिथल्या हिंदी लोकांना मिळणारी वागणूक हा विषय. विजयालक्ष्मी पंडित बोलल्या. दक्षिण आफ्रिकेचं उत्तर: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. भारताचं म्हणणं: माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न कुणाचा अंतर्गत नसतो. महासभेनं भारताच्या बाजूनं ठराव केला, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९४८ मध्ये, हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये पॅले द शायो या वास्तूत तिची सुनावणी झाली. इकडे फौजा हैदराबादच्या वाटेवर होत्या. आता ‘बाहेरच्यांनी पडू नये’ म्हणणारा निजाम स्वतः बाहेर गेला होता, आणि ‘अंतर्गत प्रश्न नसतो’ म्हणणारे आम्ही ‘अंतर्गत प्रश्न आहे’ म्हणत होतो. आठवड्याभरात निजामानं तक्रार मागे घेतली.

हैदराबाद भारतात आलं याचा मला आनंदच आहे. नाहीतर मी हे मराठीत लिहीत नसतो. निजामाच्या त्या तक्रारीत रियासतीच्या गादीची काळजी होती, तुरुंगातल्या माणसाची नव्हती. पण त्या पॅरिसच्या प्रकरणानं माझं जुनं मत पुरतं ढिलं केलं. ‘घरचा प्रश्न’ हा शब्दप्रयोग ज्याच्या हाती किल्ल्या असतात तो करतो, मग किल्ल्या कुणाच्याही हाती असोत. त्यावर मत बेतायचं तर ते दर दोन वर्षांनी बदलावं लागेल.

त्याच पॅले द शायोमध्ये तीन महिन्यांनी, १० डिसेंबर १९४८ ला, मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा मंजूर झाला. तो पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादला, असं मी म्हणत असे. मुंबईच्या हंसा मेहता मसुदा करणाऱ्या आयोगावर होत्या आणि पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द काढून ‘सर्व माणसं’ असा अर्थ त्यांच्यामुळे आला, हे मला साठीनंतर कळावं याची लाज वाटते. अठरावं कलम विचाराच्या, सदसद्विवेकबुद्धीच्या आणि धर्माच्या स्वातंत्र्याचं आहे. धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य त्यात स्पष्ट आहे. सौदी अरेबियाला ते मान्य नव्हतं. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री जफरुल्ला खान यांनी त्या कलमाची बाजू घेतली. हेच जफरुल्ला खान पुढे सुरक्षा परिषदेत हैदराबादच्या प्रश्नावर भारताविरुद्ध बोलले. आणि ते ज्या अहमदिया पंथाचे, त्या पंथाला त्यांच्याच देशानं १९७४ मध्ये घटनेत दुरुस्ती करून मुसलमान मानायचं नाकारलं. माणूस कुठल्या बाजूचा, हे ठरवून त्याचं म्हणणं ऐकायची माझी सवय इथेही अडखळली. हैदराबादवर मी त्यांच्या विरुद्ध. अठराव्या कलमावर त्यांच्या बाजूचा.

एवढं सगळं पचवायला सोपं होतं. निजाम कुणाचा नातलग नव्हता. पंडित सुंदरलाल अहवाल पचवणं जड गेलं.

पोलीस ॲक्शननंतर जे घडलं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांचे सहकारी अशी माणसं त्याच हिवाळ्यात पाठवली, ज्या हिवाळ्यात पॅरिसला तो जाहीरनामा होत होता. ती गावोगाव फिरली. रझाकारांनी केलेले अत्याचार त्यांना माहीत होते. त्यांनी ते नाकारले नाहीत. त्यांनी नंतरच्या सुडाचा हिशेब मांडला: किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, बहुतेक मुसलमान, आणि सर्वांत वाईट परिस्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत. लुटालूट, स्त्रियांवर अत्याचार, मशिदींचा ताबा, सक्तीचं धर्मांतर. काही ठिकाणी फौजेनं आणि हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवलं, हेही त्यात आहे. काही ठिकाणी फौजेतल्यांनीच हात धुऊन घेतले, हेही आहे. अहवाल सरकारनं छापला नाही. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात सर्वांना बघायला मिळू लागला.

नांदेड म्हणजे आमचं शेजारचं ताट. मी इतिहासाचा प्राध्यापक. गावात जुनी माणसं ‘पोलीस ॲक्शनच्या टायमाला’ असं म्हणून मध्येच थांबतात, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि ते का थांबतात हे विचारलं नव्हतं. बाहेरच्या कुणी विचारलं असतं तर मीच त्याला म्हणालो असतो, जुन्या जखमा कशाला उकरता.

पोलीस ॲक्शनपासून एक वर्ष मागे गेलं तर चित्र उलटं दिसतं. १९४७ च्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानातल्या आणि हैदराबादेतल्या अस्पृश्यांच्या सक्तीच्या धर्मांतराबद्दल जाहीर पत्रक काढलं होतं. निजामाच्या बाजूनं उभं राहू नका असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितलं, आणि ज्यांना जबरीनं धर्म बदलावा लागला त्यांना परत सामावून घेण्याचा शब्द दिला. म्हणजे वर्षभराच्या आत त्याच रियासतीत आधी एकाच्या गळ्याला तलवार लावून धर्म बदलवला गेला, मग दुसऱ्याच्या. माझ्या सतरा सप्टेंबरच्या भाषणात पहिली तलवार होती. दुसरी नव्हती.

हे सगळं वाचल्यानंतर दोन वर्षांनी एका गावात मी दुसरीबद्दल बोललो. थोडक्यात, कुणालाही दोष न देता. कार्यक्रमानंतर आयोजकांपैकी एकानं नम्रपणे सांगितलं, ‘सर, पुढच्या वर्षी तेवढं टाळलं तर बरं. पोरांसमोर कशाला?’ मी त्यांना विचारलं, रझाकारांचं पोरांसमोर चालतं का? ते म्हणाले, ते आपल्यावर झालेलं आहे ना. त्यांचा राग येण्यासारखं काही नव्हतं. ते माझीच भाषणं ऐकून मोठे झाले होते.

आता आमचे ते कप खाली ठेवून उठणारे सहकारी. ते बौद्ध, मूळ गाव नांदेड जिल्ह्यातलं. डर्बनच्या वेळी माझ्याशी वाद घालायचं त्यांनी टाळलं, पण निवृत्तीनंतर आम्ही संध्याकाळी सोबत फिरायला जाऊ लागलो, तेव्हा एकदा त्यांनी विचारलं, ‘१९७८ साली आम्ही कुणाकडे जायला पाहिजे होतं, सांगा.’ त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळेंना जिवंत जाळलं. पोलीस पाटील गावचा, सरपंच गावचा, पेपर आमचा. तेव्हा मुंबई-पुण्याकडून अत्याचार विरोधी समितीची माणसं आली, गावोगाव फिरली, आणि त्यांचा अहवाल १९७९ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त छापून आला. इंग्रजीत. त्या वेळी आमच्यातले पुष्कळ म्हणाले, मराठवाड्याला बदनाम केलं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. तोवर आमचे सहकारी नोकरीला लागून, मुलंबाळं होऊन, अर्धे पिकलेले होते.

त्यांनीच मला १९४६ च्या पत्राबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिल्याचं वाचून डॉ. आंबेडकरांनी तिथले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिलं, अर्जाच्या प्रती मागितल्या, आणि भारतातले अस्पृश्यही तसा अर्ज करण्याच्या विचारात आहेत असं कळवलं. जुलै अखेरीस डु बॉईस यांचं उत्तरही आलं. म्हणजे डर्बनची वाट पंचावन्न वर्षं आधी ज्यानं शोधली तो माणूस त्यानंतर वर्षभरात घटना लिहायला बसला. दोन्ही कामं त्याला एकमेकांविरुद्ध वाटली नाहीत. घटना आहे म्हणून बाहेर जायचं नाही, हा युक्तिवाद मी घटनाकाराच्या नावानं करत होतो! पाणवठ्याच्या माझ्या त्या वाक्याबद्दल सहकारी काही बोलले नाहीत. मीच विषय काढला, तर म्हणाले, ‘पाणवठा डर्बननं खुला होत नाही हे आम्हाला तुमच्या आधीपासून ठाऊक होतं, सर.’

आपले कोण आणि बाहेरचे कोण, हा घोळ आमच्याकडे जुनाच. हिंगोलीपासून जवळच नर्सी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून आम्ही ते मानतो. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहेबात आहेत, नर्सीला शीख यात्रेकरू येतात, गुरुद्वारा आहे. त्या पदांपैकी दोन मला अलीकडे वेगळी वाटतात. एकात देवळातून उठवून दिलेला नामदेव मागे जाऊन भजन करतो आणि देऊळ त्याच्याकडे वळतं. आमच्याकडे ही गोष्ट औंढा नागनाथची म्हणून सांगतात. दुसऱ्यात सुलतान त्याला बांधून आणतो, मेलेली गाय उठव नाहीतर मान उडवीन म्हणतो. आई रडते, राम सोड आणि खुदाला भज म्हणते. तो ऐकत नाही. पहिली गोष्ट आम्ही कीर्तनात गोड करून सांगतो आणि दुसरी आवेशानं. माझ्या हे कधी डोक्यात आलं नाही की त्याला छळणारे दोन वेळा दोन वेगळे लोक होते; पहिल्या वेळी आपलेच.

त्याच शिखांपैकी फ्रान्समधल्या एका वयोवृद्धाला, रहिवासी परवान्याच्या फोटोसाठी पगडी काढायला सांगितलं. त्यानं नकार दिला, परवाना मिळाला नाही, त्यावर अवलंबून असलेल्या सोयी गेल्या. ‘युनायटेड सिख्स’ या संस्थेनं त्याचं प्रकरण जिनिव्हाच्या मानवाधिकार समितीपुढे नेलं आणि २०११ मध्ये समितीनं फ्रान्सनं त्याच्या धर्मस्वातंत्र्याचा भंग केला असा निर्णय दिला. त्याआधी २००८ मध्ये पगडीचा विषय मनमोहन सिंगांनी फ्रान्सच्या अध्यक्षांकडे काढला होता. तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. फ्रान्सचा कायदा हा फ्रान्सचा घरचा प्रश्न आहे, असं आमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

मी सगळं गिळलेलं नाही. अमेरिकी सरकारचा धर्मस्वातंत्र्य आयोग, १९९८ च्या त्यांच्या कायद्यानं नेमलेला, दर वर्षी जगाला गुण देतो. तो सरकारचा आयोग आहे. ज्या सरकारला कुणाला शस्त्रं विकायची आणि कुणाला नाही हे ठरवायचं असतं त्याच्या गुणपत्रिकेकडे मी संशयानंच बघेन. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थेनं पैशाचा हिशेब चोख द्यावा, हेही मला मान्य. पण परकीय देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, ऐन आणीबाणीतला, हे विसरून चालत नाही. त्याच आणीबाणीत लंडनमध्ये जयप्रकाश नारायणांच्या सुटकेसाठी मोहीम चालली होती, ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेची माणसं कैद्यांची नावं गोळा करत होती, आणि तुरुंगात असलेल्यांच्या घरचे ती बातमी जपून ठेवायचे. २०२० मध्ये ॲम्नेस्टीच्या भारतातल्या शाखेनं खाती गोठवली म्हणून काम थांबवलं. सरकार म्हणालं, कायदा मोडला. कायदा मोडला असेल तर कोर्ट ठरवेल. ‘बाहेरचे आहेत’ एवढ्यावर मला आता गप्प बसता येत नाही.

माझा भाचा सिएटलजवळ असतो, सॉफ्टवेअरमध्ये. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगर परिषदेनं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली; पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी तो प्रस्ताव मांडला होता. भाचा भडकला. ‘मामा, आपल्या घाणीची इथे काय गरज? उद्या प्रत्येक भारतीयाकडे संशयानं बघतील.’ मी त्या वेळी हूं हूं करून सोडून दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशात सत्तापालट झाला, हिंदूंच्या घरादारांवर हल्ले झाले, आणि त्याच भाच्यानं मला एक अर्ज पाठवला: संयुक्त राष्ट्रांनी दखल घ्यावी, सही करा, नातेवाइकांना पाठवा. मी लगेच सही केली. मग फोन करून विचारलं, की बांगलादेश सरकार म्हणेल हा आमचा घरचा प्रश्न, त्याला तू काय उत्तर देशील? तो म्हणाला, लोक मरताहेत तिथे, घरचा प्रश्न कसला! मी म्हणालो, बरोबर. आणि सिएटलमध्ये तुझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मुलगा आडनाव सांगायचं टाळतो, तो कुणाचा घरचा प्रश्न?

त्यावर तो जे बोलला त्यातला एक मुद्दा मला पटला. ज्याच्यावर जातिभेदाचा आरोप होईल त्याला बाजू मांडायची पुरती संधी मिळाली पाहिजे, नुसत्या आडनावावरून कुणाला दोषी धरता कामा नये. हे मी त्याला लिहून द्यायला तयार आहे. मी त्याला सुचवलं, की बांगलादेशच्या अर्जाखाली एक वाक्य वाढव: भारतातल्या आणि पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठीही आमची हीच मागणी आहे. त्यानं नाही म्हटलं. अर्ज पातळ होईल म्हणाला. मग ते वाक्य मी वेगळ्या कागदावर लिहिलं, खाली माझं नाव आणि ‘हिंगोली’ घातलं, आणि त्यालाच पाठवून दिलं. त्याच्या मंडळात ते वाचून दाखवायचं की नाही यावर आमचं अजून भांडण चालू आहे.